कटल्याचं गोठवलेलं रेत आणि रोहूची मादी: संकर करण्याआधी एवढं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात तुमची चिनी पद्धतीची गोल हॅचरी, म्हणजे मत्स्यबीज केंद्र, आहे. पाऊस लागला की जूनअखेर रोहूच्या माद्या तयार होतात, कटल्याचे नर मात्र दोन-तीन आठवडे मागं राहतात. आटपाडी-खानापूरकडचे शेततळीवाले कटला-रोहूच्या संकराचं बीज मागतात. गावात जनावरांचं कृत्रिम रेतन करणाऱ्या मित्राकडं लिक्विड नायट्रोजनचा कंटेनर आहे. त्यात कटल्याचं रेत गोठवून ठेवलं तर पुढच्या हंगामात रोहूच्या अंड्यांवर वापरता येईल का, आणि परवडेल का?

वापरता येतं. माशाचं रेत गोठवण्याची सुरुवातच मुळी अशा अडचणीतून झाली. 1953 साली ब्लॅक्स्टर नावाच्या शास्त्रज्ञानं हेरिंग माशाचं रेत गोठवलं. हेरिंगचा एक गट वसंतात अंडी घालतो, दुसरा शरदात, त्यामुळं दोघांची गाठच पडत नाही. एकाचं रेत राखून ठेवून दुसऱ्याच्या अंड्यांवर वापरायचं, हा त्याचा हेतू होता आणि तो साधला. आपल्याकडं कटला, रोहू, मृगळ आणि महसीर यांच्या रेताचं काम लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोनं केलं आहे. आपल्या कोयना-कृष्णेतल्या दख्खनी महसीरचं रेत गोठवण्याचे प्रयोग मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातही झाले आहेत. म्हणजे शास्त्राची बाजू पक्की आहे. तुमच्या हॅचरीत ते कितपत बसतं आणि त्यातून संकर करावा का, हे मात्र दोन वेगळे प्रश्न आहेत. माझं मत आधीच सांगतो: गोठवलेलं रेत शिकून घ्या, पण त्याचा खरा उपयोग शुद्ध रोहू आणि शुद्ध कटला सुधारण्यासाठी करा. संकर मर्यादेत आणि बंदिस्त तळ्यापुरताच ठेवा.

आधी कांडीचा, म्हणजे रेत भरून गोठवायच्या बारीक नळीचा, हिशोब बघू, कारण बहुतेकांची गल्लत तिथंच होते. भिलवडीच्या गोठीत रेत केंद्रामुळं सांगली जिल्ह्यात गोठीत रेताची कांडी घराघरात माहीत आहे. म्हैस माजावर आली, डॉक्टर आले, एक कांडी भरली, काम झालं. त्या पाव मिलीच्या कांडीत साधारण 2 कोटी शुक्राणू असतात आणि एका गर्भधारणेला तेवढे पुरतात. माशात फलन शरीराबाहेर होतं. दोन किलोची चांगली रोहू मादी 4 लाखांच्या आसपास अंडी देते. गोठवलेल्या रेतातले निम्मे शुक्राणू तरी वितळल्यावर हालत नाहीत, म्हणून अंड्यामागं 1 लाख शुक्राणू धरूनच हिशोब करावा. म्हणजे 4,000 कोटी. कार्प माशाच्या (कटला, रोहू, मृगळ याच कुळातले) घट्ट रेतात मिलीला 2,000 कोटींच्या घरात शुक्राणू असतात. ते एकास चार पातळ करून अर्ध्या मिलीच्या कांडीत भरलं की कांडीत 200 कोटी बसतात. भागाकार केला तर एका मादीला वीस कांड्या लागतात.

एवढ्या कांड्या एकाच वेळी वितळवायच्या, पुसायच्या, कापायच्या आणि काही सेकंदांत अंड्यांवर ओतायच्या. एका माणसाचं हे काम नाही. चार हात लागतात आणि प्रत्येकाला आपलं काम आधी पाठ असावं लागतं. मोठ्या नळ्या वापरल्या तर ही धावपळ कमी होते, पण मोठी नळी आतपर्यंत सारखी गोठत नाही. शिकताना अर्ध्या मिलीचीच कांडी घ्या.

दुसरा मुद्दा तुमच्या हॅचरीचा. गोल टाकीत तुम्ही नर-मादीला इंजेक्शन देऊन सोडता, पाणी फिरतं, मासे आपणहून अंडी टाकतात आणि फलनही तिथंच होतं. गोठवलेलं रेत त्या पाण्यात ओतून काही होत नाही. कार्पचा शुक्राणू नराच्या शरीरात निपचित असतो. गोड्या पाण्याचा स्पर्श झाला की जागा होतो आणि मिनिटभरात, बहुधा त्याच्या आतच, त्याची ताकद संपते. अंड्याला आत शिरायला एकच सूक्ष्म छिद्र असतं आणि पाणी लागल्यावर तेही थोड्याच वेळात बंद होतं. त्यामुळं मादीचं पोट हलकं दाबून अंडी कोरड्या भांड्यात घेणं, म्हणजे स्ट्रिपिंग, आलंच पाहिजे. ज्याला ताज्या रेतावर स्ट्रिपिंग करून चांगलं फलन मिळत नाही, त्यानं नायट्रोजनला हात लावू नये. पहिला पूर्ण हंगाम फक्त स्ट्रिपिंगला द्या.

स्ट्रिपिंगमध्ये वेळ चुकली की सगळं गेलं. पाणी 28 अंशांच्या आसपास असेल तर ओव्हाप्रिम (मासे प्रजननाला तयार करणारं संप्रेरकाचं इंजेक्शन) दिल्यापासून पाच-सहा तासांत रोहू तयार होते, पाणी गार असेल तर जास्त वेळ लागतो. घड्याळापेक्षा मादीकडं बघा. त्याच टाकीत रोहूचा एखादा नर सोडून ठेवला तर तो मादीच्या मागं लागला की वेळ जवळ आली हे कळतं. मादी हातात घेऊन पोटावरून बोट हलकंच फिरवलं आणि अंड्यांची धार लागली तर ती तयार. जोर लावावा लागला तर परत सोडा. उशीर केलात तर अंडी पोटातच शिळी होतात, दिसायला ठीक दिसतात पण फळत नाहीत. मादी ओल्या फडक्यात धरा, पोट आणि शेपटीकडचा भाग कोरड्या फडक्यानं टिपून घ्या आणि प्लॅस्टिकच्या कोरड्या वाडग्यात अंडी घ्या. पाण्याचा एक थेंब पडला तरी तेवढी अंडी फुगून बंद होतात.

आता रेत गोठवण्याकडं. कटल्याचे नर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत भरात असतात, तेव्हाच रेत घ्यायचं आणि पुढच्या जूनसाठी ठेवायचं. तुमच्या अडचणीवर हाच सरळ उपाय आहे. नराला किलोमागं 0.1 ते 0.2 मिली ओव्हाप्रिम द्या, काही तासांनी पोट दाबून रेत काढा. पहिले एक-दोन थेंब पुसून टाका, त्यात लघवी असते. लघवीमुळं शुक्राणू तिथंच जागे होतात आणि मग ते रेत गोठवून उपयोग नाही. प्रत्येक नराचं रेत वेगळ्या कोरड्या नळीत घ्या आणि बर्फावर ठेवा, पण नळी बर्फाच्या पाण्यात बुडू देऊ नका.

सूक्ष्मदर्शक लागतोच, त्याला पर्याय नाही. काचपट्टीवर रेताचा अगदी बारीक ठिपका घ्या. पाणी न घालता बघा: शुक्राणू शांत दिसले पाहिजेत. मग पाण्याचा थेंब घाला: दहातले आठ तरी झपाट्यानं पळाले पाहिजेत. असं रेत असेल तरच पुढं जा. त्याहून कमी पळणारं रेत त्याच दिवशी ताजं वापरा, गोठवू नका. गोठवल्यानं रेत सुधारत नाही, मुळात असेल त्यातलंच काही टिकतं.

रेत पातळ करायला जनावरांचं द्रावण चालणार नाही. बैलाच्या रेतासाठी अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल घातलेलं द्रावण वापरतात. माशांसाठी क्षार आणि ग्लुकोजचं द्रावण लागतं आणि ते रेताच्या पाण्याइतकंच दाट असावं लागतं, नाहीतर शुक्राणू तिथंच जागे होतात. गोठताना पेशीत बर्फाचे स्फटिक होऊन ती फाटू नये म्हणून कार्पसाठी बहुधा डायमिथाइल सल्फॉक्साइड किंवा मिथेनॉल 10 टक्क्यांच्या आसपास घालतात. ही रसायनं पेशीला वाचवतात तशी जास्त वेळ राहिली तर मारतातही. म्हणून मिसळल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत कांडी नायट्रोजनच्या गार वाफेवर गेली पाहिजे. तोपर्यंत सगळं 4 अंशांवर ठेवायचं. द्रावण स्वतः बनवत बसू नका, तयार आणि तपासलेलं मिळवा. प्रमाणातल्या थोड्या फरकानं अख्खा हंगाम जातो.

गोठवायला महागडं यंत्र असलंच पाहिजे असं नाही. जाड थर्माकोलच्या पेटीत लिक्विड नायट्रोजन ओतून त्यावर तरंगणारी थर्माकोलची चौकट ठेवतात. चौकटीवर कांड्या द्रवापासून सुमारे 3 सेंटिमीटर वर आडव्या राहतात. तिथल्या गार वाफेत तीन मिनिटं, मग थेट द्रवात, म्हणजे उणे 196 अंशांना. युरोपात कार्पसाठी ही रीत बरीच वापरली जाते. अमेरिकेत लुइझियानाच्या शास्त्रज्ञांनी तर बैलांच्या रेतासाठी बसवलेली यंत्रणा आणि त्याच अर्ध्या मिलीच्या कांड्या घेऊन ब्लू कॅटफिशचं रेत गोठवून दाखवलं. तुमच्या मित्राचा कंटेनर आणि त्याचा हात दोन्ही उपयोगाचे आहेत ते याच अर्थानं. फक्त कांड्यांवर ठळक खूण करा, प्रजात, नराचा क्रमांक, तारीख, आणि जनावरांच्या कांड्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवा. एक कांडी शोधताना बाकीच्या कंटेनरच्या गळ्याबाहेर आल्या तर काही सेकंदांत खराब होतात. बाहेरून बघून ते कळतही नाही, कळतं ते पुढच्या जूनमध्ये.

नायट्रोजन बंद खोलीत किंवा बंद गाडीत कधीही ठेवू नका. त्याला वास नाही आणि तो हवेतला प्राणवायू बाजूला सारतो. माणूस खोकलाही न देता खाली पडतो. खिडक्या उघड्या, डोळ्यांवर चष्मा, पायात बंद बूट. यात मी कुणाचीही गय करत नाही.

वितळवण्यासाठी 40 अंशांचं पाणी घ्या आणि अर्ध्या मिलीची कांडी बारा-तेरा सेकंद त्यात धरा. थर्मामीटर चांगला घ्या, बोटानं अंदाज नको. कांडी कोरडी पुसा, कापा, रेत अंड्यांवर ओता, कोंबडीच्या स्वच्छ पिसानं हलवा, मग थोडं हॅचरीचं पाणी घाला आणि मिनिट-दोन मिनिटं हळूहळू ढवळा. त्यानंतर पाणी दोन-तीनदा बदलून अंडी उबवण टाकीत सोडा. प्रत्येक वेळी त्याच मादीची मूठभर अंडी वेगळी काढून त्यावर ताजं रेत वापरा. ताज्या रेताचीच अंडी फळली नाहीत तर दोष मादीचा, ती फळली आणि गोठवलेल्याची नाही तर दोष रेताचा. हा ताळा ठेवला नाही तर आपण वर्षानुवर्षं अंधारात राहतो. फलनाची मोजणी चार-पाच तासांनी करा. त्याआधी न फळलेलं अंडंही विभागल्यासारखं दिसतं आणि आकडा फुगतो.

आता संकराबद्दल, आणि इथं मला जरा स्पष्ट बोलायचं आहे.

कटल्याचं डोकं मोठं, खाणाऱ्याला वाया जाणारं, पण वाढ दणदणीत. रोहूचं डोकं लहान, चव लोकांना आवडणारी. दोघांच्या संकरात डोकं लहान राहतं आणि वाढ रोहूपेक्षा बरी मिळते, म्हणून मागणी आहे. तुमच्याकडं रोहूची मादी सहज मिळते, तेव्हा रोहू मादी आणि कटला नर हीच दिशा बरोबर. पण हा संकर कटल्याला मागं टाकेल अशी अपेक्षा ठेवू नका. शिवाय कटला वरच्या थरातलं सूक्ष्म प्राणीखाद्य खातो, रोहू मधल्या थरात चरते, संकर या दोन्हींच्या मधला. मिश्र मत्स्यशेतीत कटला आणि रोहू असताना त्यांच्यात संकर सोडला तर तो दोघांच्याही ताटात हात घालतो. संकर सोडायचाच तर रोहूच्या जागी सोडा आणि खाली मृगळ किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) ठेवा.

लोकांना वाटतं संकर म्हणजे खेचर, त्याची पुढं पैदास होत नाही. कटला-रोहूच्या बाबतीत हे खोटं आहे. कटला, रोहू, मृगळ या तिघांचीही गुणसूत्रं 50. त्यांचे आपापसातले संकर वाढून पिल्लं देतात, शुद्ध माशाशीही जुळतात. पहिल्या पिढीचा संकर तयार नजरेला ओळखू येतो. त्याची शुद्ध रोहूशी गाठ पडून झालेली पुढची पिढी मात्र सराईत माणसालाही रोहूच वाटते. ती एकदा प्रजनकांच्या तळ्यात शिरली की तुमच्या हॅचरीची रोहू रोहू राहत नाही, वाढ मागं पडत जाते आणि कारण सापडत नाही. देशातल्या बऱ्याच हॅचऱ्यांत हे नकळत झालेलं आहे, कारण एकाच टाकीत दोन-तीन जाती एकदम सोडण्याची सवय.

आणि तुम्ही कृष्णाकाठी आहात. 2019 चा महापूर आणि 2021 चा पूर तुम्ही बघितला आहे. वाळवा, पलूस, मिरजेच्या नदीकाठच्या तळ्यांचे बांध तेव्हा पाण्याखाली होते आणि आतला मासा नदीत गेला. तो शुद्ध होता तर नुकसान मालकाचं. संकर असेल तर ते नदीत उरतं, परत गोळा करता येत नाही. कावेरीत आपल्या दख्खनी महसीरचं बीज सोडलं आणि तिथला मूळचा कुबडाचा महसीर नामशेष व्हायच्या बेतात आला हे मत्स्यक्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि ते बीज तर चांगल्या हेतूनं सोडलं होतं. म्हणून नदीकाठच्या एकाही गिऱ्हाइकाला संकराचं बीज विकू नका. आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडच्या माळावरच्या प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यांत ते सोडायला हरकत नाही. तिथं पाणी बाहेर वाहत नाही, डाळिंबाला-द्राक्षाला देताना जाळीतून जातं आणि मासा आठ-दहा महिन्यांत निघतो. बीज देताना पावतीवर ‘संकर, प्रजननासाठी नाही’ असं लिहून द्या. तुमच्या स्वतःच्या प्रजनक तळ्यात त्यातला एकही मासा ठेवू नका.

पुष्कळांचं म्हणणं असतं की अमेरिकेत संकर चालतो, मग आपल्याकडं का नको. तिथं चॅनल कॅटफिशची मादी आणि ब्लू कॅटफिशचा नर असा संकर करतात आणि तिथल्या कॅटफिश उत्पादनात आज निम्म्याहून जास्त वाटा त्याचा आहे. पण ब्लू कॅटफिशचा नर पोट दाबून रेत देत नाही. त्याला मारून वृषण काढावे लागतात, आणि तो तयार व्हायला चार ते सात वर्षं लागतात. तिथं एकेका नराची किंमत इतकी आहे की उरलेलं रेत गोठवून ठेवणं पटतं. तरीही बहुतेक हॅचऱ्या ताजंच रेत वापरतात. कटल्याचा नर हंगामात पुन्हा पुन्हा रेत देतो. त्यांची निकड आपल्याकडं नाही. संकर मागूरचं बीज कुणी आणून देत असेल तर त्याच्या वाटेलाही जाऊ नका. आफ्रिकन मागूर पाळायला देशात बंदी आहे आणि त्याचा संकर आपल्या देशी मागुराचा काळ आहे.

तुमच्या यंदाच्या अडचणीवर नायट्रोजनपेक्षा स्वस्त तोडगा आहे. जूनअखेर सगळ्या रोहू एकदम काढू नका. चांगल्या काही माद्या वेगळ्या, गार आणि वाहतं पाणी असलेल्या तळ्यात राखा, त्या जुलैच्या मध्यापर्यंत थांबतात, तोवर कटला येतो. कटल्याचे नरही लवकर आणता येतात: जानेवारी-फेब्रुवारीतच माद्यांपासून वेगळे करा, तीन वर्षांच्या पुढचे घ्या, तळं खोल ठेवा, दाटी हेक्टरी दीड-दोन टनांच्या वर नको, आणि पाण्यात सूक्ष्म प्राणीखाद्य भरपूर राहील असं शेण-खताचं नियोजन ठेवा. कटला पेंडीवर तयार होत नाही, तिथंच बहुतेक हॅचऱ्या कमी पडतात. सकाळी नर तयार आणि संध्याकाळी मादी, एवढाच फरक असेल तर रेत पातळ थरात 4 अंशांवर ठेवून काही तास बिनघोर टिकतं. वापरण्याआधी सूक्ष्मदर्शकात बघायचं.

मग गोठवलेलं रेत शिकायचं कशासाठी? तुमच्या रोहूचे नर आणि माद्या एकाच जुन्या कळपातल्या असतील, वर्षानुवर्षं बाहेरचं रक्त आलेलं नसेल, तर खरं नुकसान तिथं आहे. शेजारच्या कर्नाटकात 1980 नंतरच्या दशकात हॅचऱ्यांचा अभ्यास झाला तेव्हा थोड्याच माशांवर पिढ्यान्‌पिढ्या बीज काढल्यानं अंतःप्रजनन वाढल्याचं दिसलं होतं. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेनं 1992 पासून निवड करत जयंती रोहू तयार केली, तिची वाढ दर पिढीला सरासरी सतरा-अठरा टक्क्यांनी सुधारली. अशा जातीचे नर सांगलीपर्यंत जिवंत आणायचे म्हणजे वाटेत मरतुक आणि सोबत रोग येण्याची भीती. कांडी एका कंटेनरमध्ये येते. निरनिराळ्या दहा-बारा नरांच्या कांड्या घेऊन तुमच्या निवडक माद्यांवर वापरा, त्या पिल्लांतून पुढचे प्रजनक निवडा, प्रत्येकाला खूण करा. विक्रीच्या बिजासाठी वीस कांड्या एका मादीवर घालणं परवडणार नाही. पुढची दहा वर्षं बीज देणारा कळप घडवायला मात्र तोच खर्च अगदी थोडा आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा. या हंगामात स्ट्रिपिंग आणि सूक्ष्मदर्शक. पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये मित्राला सोबत घेऊन तुमच्याच कटल्याच्या थोड्या कांड्या गोठवून बघा, आठवड्याभरात दोन-तीन वितळवून शुक्राणू किती हालतात ते नोंदवा. निम्म्याच्या आसपास हालले तर हात बसला. मग लखनौच्या ब्युरोला किंवा भुवनेश्वरच्या संस्थेला पत्र लिहा, ते फेब्रुवारीच्या आत गेलं पाहिजे, कारण हंगाम तोंडावर आल्यावर त्यांचंही काम अंगावर असतं. पत्रात तुमच्या माद्यांची संख्या, वय, कळप कुठून आणि कोणत्या वर्षी आणला, आणि तुम्ही स्वतः गोठवलेल्या कांड्यांची नोंद द्या. आटपाडीच्या गिऱ्हाइकांना संकर हवाच असेल तर एक टाकी, वेगळी जाळी, वेगळं संगोपन तळं त्यासाठी बाजूला ठेवा आणि हंगाम संपल्यावर ते तळं पूर्ण आटवून वाळवा.